जीप विकण्याबद्दल

दि. ४ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे परतल्यापासून घर शांत आहे. सूनबाई कामावर जाऊ लागली. टेकडीवरच्या दवाखान्यात तिच्याशिवाय दुसरी नर्स नाही. मुलगा गेल्यापासून त्याची जीप तीच चालवते.

ती जीप विकावी म्हणतो. वळणावर स्टिअरिंग जड होतं, टायर झिजलेत. चारही चाकांना जोर मिळावा म्हणून गिअरशेजारचा दांडा ओढा, मग सोडा, हा व्याप तिच्या मागे कशाला? हल्ली चारही चाकांना आपोआप जोर देणाऱ्या गाड्या निघाल्यात, तशी तिला घेऊ. गिऱ्हाईक रविवारी येणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. मेहुण्यांचं मत कळव.

लोभ आहेच, तो राहू दे.
दादा

दि. ७ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

ह्यांनी गॅरेजात हात न पुसताच कागद ओढला, म्हणून हे ग्रीसचे डाग.

ह्यांचं म्हणणं, जीपमध्ये दोष नाही. सूनबाई डांबरी रस्त्यावरही दांडा ओढूनच ठेवत असणार. दांडा ओढला की पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. चिखलात ती थोडी निसटतात, म्हणून निभावतं. कोरड्या वळणावर नुसती घासतात. आपोआपवाली गाडी जोर गरजेप्रमाणे वाटून देते. ओल्या डांबरी रस्त्याला ती उत्तम. पण जीपचा तो अगदी हळू, पण जोराने ओढणारा रांगणारा गिअर तिला सहसा नसतो, आणि पोट खाली असतं. दवाखान्याच्या दगडगोट्यांच्या उतारावर हे स्वतः तशी गाडी घालणार नाहीत. एरवी मात्र तीच घेईन म्हणाले, कंबर तरी शाबूत राहते!

दादा, जन्मात तू बॉनेट उघडलं नाहीस, आणि आता टायर बघतोस? खरं काय ते लिही. तिला न विचारता जीप विकलीस तर तुझ्याशी बोलणार नाही. निदान दोन दिवस.

आमच्यावर माया असू दे.
तुझी चिमणी

दि. ११ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस, आशीर्वाद.

खरं ते लिहितो. संध्याकाळी जीप फाटकाशी येते. तो आवाज ऐकला की मी उठतो, चपला घालतो, आणि दाराशी गेल्यावर आठवतं. रोज असंच होतं. गाडी बदलली की हे थांबेल असं वाटलं.

शनिवारी सूनबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दांड्याचं मला ठाऊक होतं बाबा, ह्यांनीच शिकवलं होतं. पण हे गेल्यापासून सरळ रस्त्यावरही हात दांडा सोडायला धजत नाही.

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. डांबरी रस्त्यावर दांडा सोडायचं तिने कबूल केलं आहे.

आज जीप आली तेव्हाही मी उठलो. दाराशी थांबलो नाही, फाटकापर्यंत गेलो. सूनबाई उतरली. दमली होती. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही आत आलो.

जीव लावतेस, तसाच लावत राहा.
दादा