पहिले आबा काट्यावर

मंगळवार, संध्याकाळ. ब्रह्मा घाट.

पुन्हा तेच! वजनकाटा नको म्हणजे नकोच. आबा म्हणतात, "जितं जनावर तोलत न्हाईत, नजर लागती." मेंढ्यांच्या वाड्याला जाळी हवी, लोकर कातरायला कात्री हवी, ते सगळं मान्य. काटा म्हटलं की फोन आईच्या हातात.

इथं काशीत मी सोनं गाळतो. कणभर सोनं तोलायचं तरी शेठ आधी पंखा बंद करतो. आणि घरी आमचा तीसेक किलोचा मेंढा व्यापारी पोटाखाली हात घालून उचलतो, "बावीस भरला" म्हणतो, झालं! आबा मेंढरं घेऊन रानात, दारात आई एकटी. आज तिनं हळूच सांगितलं, "मला उचलत न्हाई रे. उचलतो त्यो, सांगतो बी त्योच."

मग मी तापलो. आबांना परत फोनवर घेतलं, म्हटलं, व्यापारी उचलून तोलतो तेव्हा न्हाई का नजर लागत? एवढं बोलायला नको होतं का? मग आबा म्हणाले, "घे तुझा काटा. पर पहिला मी चढणार. लागली तर मला लागू दे, जित्राबाला नको."

घाटावर एकटाच हसत बसलो. नावाडी विचारतो, "का हुआ भैया?" काय सांगू? डोळ्यांपुढं आबा काट्यावर ताठ उभे, श्वास रोखून, आणि आई आकडा वाचतेय. आमच्या दारातला वारा तेवढा कोण बंद करणार?

जाळी, कात्री पुढच्या महिन्यात. उद्या काट्याचे पाठवतो, साडेसात हजार.