मेण न लावलेला दोरा

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. नऊ वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून धास्तावू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. तुझे भाऊजी दुकान बंद केल्यापासून घरभर घड्याळं उघडून बसतात. जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी स्क्रू सापडतात. माझं ठीक आहे. गुडघे, डोळे, सगळं वयाप्रमाणे.

एक विचारायचं आहे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, म्हणून तुलाच विचारते. राग आला तर येऊ दे, नऊ वर्षांत आणखी थोडा. दुसरीनं घातलेले टाके चोरून उसवायचे आणि तिथे आपले घालायचे, यात माणसाला मिळतं काय?

झालंय असं. दर गुरुवारी दुपारी माझ्या पुढच्या खोलीत गोधडीचा वर्ग असतो. पांघरायची नव्हे, भिंतीवर टांगायची गोधडी. सात बायका येतात. पहिल्या दिवशी सगळ्या म्हणतात, "मला चित्र काढता येत नाही हो," आणि महिन्याभरात कात्रीनं चित्रं काढायला लागतात. यंदा वाचनालयाच्या जिन्यासाठी मोठी गोधडी करतोय. प्रत्येकीनं आपल्या घराची एक खिडकी करायची, मधलं झाड माझं. एकीनं नवऱ्याची टाय कापून खिडकीत मांजर बसवलंय. नवऱ्याला अजून पत्ता नाही.

झाडाच्या पानांवर मी धावदोरा घालते. दोरा आधी मेणावरून ओढून घेते, आईसारखा, म्हणजे टाका बोटाला कडक लागतो. तीन आठवड्यांपूर्वी पानावरून बोट फिरवलं तर मध्येच मऊ लागलं. मेण न लावलेला दोरा! रंग माझाच, अंतर माझंच, पण टाका माझा नाही. त्यानंतर दर आठवड्याला हेच.

वर्गात मेण न वापरणारी एकच. आम्ही तिला टापटीप म्हणतो, निवृत्त मुख्याध्यापिका आहे. मेणाचा वास सोसत नाही म्हणते. वर्ग सुटला की मागे थांबून कपाट तीच आवरते. "बाई, तुम्ही बसा, मी ठेवते." इतकं गोड कुणी फुकट बोलतं का? हिला माझा वर्ग हवा आहे. उद्या वाचनालयात सांगेल, झाड बाईंचं कुठलं, माझंच आहे. काल सगळ्यांसमोर तिला म्हटलं, पुढच्या गुरुवारपासून येऊ नका. ती एक अक्षर बोलली नाही. सुई पिनकुशनमध्ये खोचली आणि गेली. तूही अशीच गेली होतीस. पोटात काही असल्याशिवाय माणूस इतकं गप्प बसत नाही.

आईची शेवटची गोधडी मी वर्गात टांगते. ब्याऐंशीव्या वर्षी हे टाके, म्हणून दाखवते. खालच्या डाव्या कोपऱ्यात टाके मुंग्यांच्या फुटलेल्या रांगेसारखे सैरावैरा गेलेत, तिथे सांगते, "इथे माझ्या धाकट्या बहिणीनं हात घातला होता." खोटं आहे का? मी खोलीत आले तेव्हा आई झोपली होती आणि तुझ्या हातात उसवायची कात्री होती. भावाच्या घरी चारचौघांत मी तुला टाकेचोर म्हटलं, ते डोळ्यांनी पाहून म्हटलं.

आज एक नवं पान घातलंय. त्यात पाच टाके मुद्दाम चुकवले. टापटीप येणार नाही, म्हणजे ते तसेच राहतील आणि चोर कोण त्यावर शिक्कामोर्तब होईल. मग पत्र टाकते.

सोमवार, १६ ऑक्टोबर

पत्र टाकलं नाही.

सकाळी नवं पान चाचपलं. पाचही टाके दुरुस्त झालेले. मधे वर्ग नाही, बाहेरचं कुणी घरात आलेलं नाही. मग मऊ टाके बोटानं मोजले. पाच भरायला हवे होते, बत्तीस भरले.

धाकटे, बाकीचे सत्तावीस मी मुद्दाम चुकवले नव्हते.

आता घरातच बघायला हवं होतं. परवा यांच्या बाहीला हिरवा दोरा दिसला होता, आणि हल्ली मी आले की टेबलाचा खण बंद होतो. "बाजारात जाऊन येते," म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. हे खिडकीत बसले होते. डोळ्याला घड्याळाचं भिंग, हातात चिमटा, मांडीवर माझं झाड.

"अहो, हे काय चाललंय?"

दचकले सुद्धा नाहीत. "कशावरून ओळखलंस?"

"मेण नाही."

"अरे हो. मेण राहिलंच."

"कधीपासून करताय?"

"उन्हाळ्यापासून. बटणांच्या डब्यात डॉक्टरांचा कागद सापडला तेव्हापासून."

तो कागद मी कुणाला दाखवला नव्हता. तुलाही वर "वयाप्रमाणे" लिहून मोकळी झाले. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. समोरचं धूसर होत जाणार, कडेचं तेवढं राहणार.

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर सुई खाली ठेवली असतीस. मग दिवसभर टोचलं कुणाला असतंस? मलाच."

मला हसू आलं नाही. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याला माझ्यासारखा टाका आला कुठून? "शिकवलं कुणी तुम्हाला?"

ते भिंग पुसायला लागले. "धाकटीनं. आईंचा हात कापायला लागला होता. त्या झोपल्या की ती वाकडे टाके उसवून नवे घालायची, मी दाराशी राखण करायचो, तू आलीस त्या दिवशी तेवढा नव्हतो. त्यांना कळू द्यायचं नव्हतं. ती मेण लावायची बघ, ते मी विसरलो."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू आईंसमोर बोलून गेली असतीस. त्या गेल्यावर दोनदा सांगायला आलो, तर तू तिचं नाव काढू देईनास."

खरं आहे ते. मी आईच्या गोधडीसमोर जाऊन बसले आणि तिच्यावरून हात फिरवला. कोपऱ्यापर्यंत जायचा धीर होईना.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

काल टापटीपच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं माझी खिडकी इतकी वाईट झाली की तुम्ही मला काढलंत." आठवडाभर बिचारी खिडकी उसवून परत शिवत होती. आज आली, आणि पुन्हा कपाट आवरलं.

वर्गाला माझ्या डोळ्यांचं सांगितलं. मग आईच्या गोधडीपाशी उभी राहिले. म्हटलं, "इतकी वर्षं उलटं सांगत आले. हे सगळे सुरेख टाके माझ्या धाकट्या बहिणीचे. हा वाकडा कोपरा तेवढा आईचा."

मांजरवालीनं विचारलं, "मग तो कोपरा का राहिला?"

"मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली म्हणून."

धाकटे, मला फार लाज वाटली, अजून वाटते आहे. आई तिचा हात शाबूत आहे अशा समजुतीत गेली, आणि त्यासाठी तू चोर ठरलीस. मी ठरवलं.

झाडाची पानं आता सगळ्या मिळून घालणार आहेत. मी दोऱ्यांना मेण लावून देईन, त्याला डोळे लागत नाहीत. एक पान मात्र कोरं ठेवायला सांगितलंय. ते तुझं. तू आली नाहीस तर वाचनालयात तसंच कोरं लागेल, आणि कुणी विचारलं तर मी कारण सांगेन.

या पत्रातल्या ओळी वरखाली गेल्या असतील. तुझे भाऊजी म्हणाले, आण, नीट उतरवून देतो. मी नको म्हटलं.

सवयीनं वर आशीर्वाद लिहिलेत, ते खोडत नाही. पण मोठीनं धाकटीला लिहू नये ते आज लिहिते.

साष्टांग नमस्कार.

तुझी,
चुकलेली ताई