शेवटची ओळ अजून कापली जाते

हो रे बाबा, वाचली. चारशे बारा उत्तरं, एकही न गाळता. तू फोनवर विचारलंस तेव्हा नुसतं ‘बघते’ म्हणाले, कारण मी तीनशे चाळिसाव्यावर होते आणि दोघांचं भांडण ऐन रंगात आलं होतं.

आशीर्वाद लिहायचा राहिलाच. चि. घुम्यास (ऑफिसात तुला साहेब म्हणत असतील, मला काय त्याचं) मावशीचे भरभरून आशीर्वाद. जेवतोस ना वेळेवर? पाठ काय म्हणते? मी ठणठणीत. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण निदान घरात कुणीतरी कुरकुरतंय.

तर तुझं काम. तुमच्या त्या छपाईच्या प्रोग्रामबद्दल एकाने तक्रार लिहायची, खाली जगभरच्या लोकांनी उत्तरं चिकटवत जायची, आणि मग तुमच्या प्रोग्रामरांना त्या ढिगाऱ्यात कामाची गोष्ट सापडत नाही. म्हणून तू जुनी उत्तरं घडी घालून ठेवायची, वर सारांश टांगायचा, अशी सोय करतोयस. छान आहे. (ज्याला दप्तरात स्वतःची पेन्सिल सापडायची नाही त्याला हे काम कुणी दिलं, एवढंच कळत नाही.) आणि ही सोय अडाणी माणसाला जमते का हे बघायला तुला मीच आठवले. अडाणी असं तू म्हणाला नाहीस, ‘सर्वसामान्य’ म्हणालास, पण मला कळतं. आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसायच्या. या कोपऱ्यात पाढे, त्या कोपऱ्यात कविता, मधोमध मास्तर पेंगलेले. त्या गलक्यातून आपल्या इयत्तेचं तेवढं उचलून मी चौथीत पहिली आले. मला चारशे बारा माणसांची भीती घालतोस होय?

पण स्क्रीनवर काही जीव रमेना. म्हणून तुझ्या काकांच्या प्रिंटरवर सगळं छापूनच काढलं. त्र्याण्णव पानं झाली. (छापखाना विकला तरी कॉम्प्युटर आणि प्रिंटर मी कुणाला दिला नाही. चालू असला की घरघर येते, बरं वाटतं.) पानं स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अंथरली आणि कपड्यांचे चिमटे घेऊन बसले. ‘मलाही हेच होतंय’ म्हणणाऱ्यांना निळा, भांडणाला लाल, उपयोगाचं सांगेल त्याला पिवळा. निळे बघता बघता संपले, तेव्हा शेजारच्या नर्सबाईंच्या दोरीवरून दोन डझन आणले. (त्यांचा गणवेश त्या दिवशी वाऱ्याने उडून गेला म्हणे. मी फार हळहळले.)

तेवढ्यात नळवाला आला. मीच बोलावलं होतं. नळ तसा ठीक आहे, पण म्हटलं एकदा बघून घ्यावा. तो दारातच एक पाय उचलून उभा. “आजी, पाय कुठं ठेवू?”

“लालवर ठेव,” म्हटलं, “त्यात काही कामाचं नाही.”

तर हा वाकून तेच वाचत बसला! मांजराचं चित्र लावलेले एक गृहस्थ आहेत ना, जे येईल त्याला सांगतात की दोष प्रोग्रामात नाही, तुमच्या कागदात आहे? ते वाचून नळवाला असा भडकला, म्हणाला, “हा माझा मेव्हणाच आहे, आजी, नाव बदलून बसलाय!” दीड तास बसला. नळ बघायचा राहून गेला, म्हणून परवा पुन्हा बोलावलाय.

आता निकाल ऐक. चारशे बारांत पिवळे अठरा. त्यातले सतरा तुझ्या सोयीने बरोबर वर आणले, हे कबूल. (अठरावं मांजरवाल्याचं होतं. ते कधी उपयोगाचं बोलतील असं तुझ्या सोयीलाही वाटलं नसणार.) सगळे ‘मलाही’ गोळा करून एकच आकडा लावलास, तेही झकास. पण एक खोट आहे. दोनशे सातवं उत्तर एका बाईंचं, बरण्यांची लेबलं छापतात त्या. कागदाचा आकार कुठे बदलायचा हे त्यांनी सांगितलं, ते तू ठेवलंस. पण पुढे दर महिन्याला त्या खिळेजुळारी नावाच्या माणसाला विचारतात, ‘गुडघा कसा आहे? आमच्याकडे थंडी पडली, तुमच्याकडे?’ ते सगळं तू ‘विषय सोडून’ म्हणून घडीत कोंबलंस. ती घडी उघडेपर्यंत माझं बोट दुखलं. मी त्यांना पांढरे चिमटे लावले होते. तुझ्याकडे पांढरा रंगच नाही रे.

आणि तो खिळेजुळारी. तू म्हणालास, एक हट्टी म्हातारा आहे, सगळ्यांचं ठीक झालं तरी महिन्याच्या महिन्याला ‘शेवटची ओळ अजून कापली जाते’ असं लिहितो, त्याच्यापायी चर्चा बंद करता येत नाही, या महिनाअखेरीस करूनच टाकतो. (फोनवर एवढं लांब वाक्य तू पहिल्यांदाच बोललास, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे.) म्हाताऱ्या माणसावर असं डाफरू नये. सोबत मी छापलेली पाच पानं जोडते आहे. बघ डोळे उघडून, पाचही पानांची शेवटची ओळ अर्धी गेलेली आहे. म्हातारा खोटं बोलत नाही.

पाठ सांभाळ.

तुझी,
मावशी

ता. क. चर्चा बंद करू नकोस. पत्र त्यासाठीच लिहिलं, बाकीचं आपलं तोंडी लावायला.

ता. क. दुसरा. खिळेजुळारी म्हणजे तुझे काका. जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून अक्षरं लावली, म्हणून तेच नाव घेतलं. प्रोग्राम तुझा, तक्रार तुझ्या तोंडावर केली तर पोर खट्टू होईल, म्हणून परक्यासारखी लिहिली.

ता. क. तिसरा. काका जाऊन तीन वर्षं झाली हे तुला माहीत आहे, त्या चर्चेतल्या लोकांना माहीत नाही. तेव्हापासून लिहिते ती मी. गुडघाही माझाच. आणि त्या लेबलवाल्या बाईंनी सांगितलं तसं केल्यापासून, दोन वर्षं झाली, आमच्याकडे ओळ अख्खी छापली जाते. सोबतच्या पाच पानांची मी कात्रीने कापली.