आफ्रिकेतल्या मधमाश्या

११ फेब्रु. २००५, हॅनोव्हर
लेकीला, मीराला, शाळेत रेफेराट आहे, वर्गापुढे भाषण. पहिल्या महायुद्धात घरातलं कुणी लढलं असेल तर त्याच्यावर बोलायचं. मी म्हटलं, माझ्या आईचे आजोबा होते, इंग्रजांच्या पलटणीत. "गेगन वेन?" कुणाविरुद्ध? "तुमच्या जर्मनांविरुद्ध," म्हणालो. 'तुमच्या' का म्हणालो कुणास ठाऊक.

१३ फेब्रु., रवि.
साताऱ्याला फोन. आई सांगत होती, "मोठे आबा आफ्रिकेत बोटीतून उतरले, गोळीबार सुरू झाला आणि मधमाश्या उठल्या. तोंड सुजवून परत पाण्याकडे पळाले."
"पण भांडण युरोपातलं. आफ्रिकेत कशाला?"
"साहेबाने नेलं, गेले. तिथे जर्मन तरी कशाला होते रे?"


२० फेब्रु.
सासऱ्यांकडे, वेर्नरकडे, कॉफी. मी हसत हसत मधमाश्यांचं सांगितलं. वेर्नरनी कप खाली ठेवला. त्यांचे आजोबा तिथेच होते, पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरात, जर्मन वसाहतीच्या फौजेत. तेही याच मधमाश्या सांगायचे. म्हणजे या दोघांनी एकमेकांवर... नेम लागला असता तर मी नाही. किंवा बायको, काट्रिन, नाही. मीरा तर नाहीच.
वेर्नरनी आजोबांचा फोटो काढला. मागे डोक्यावर ओझी घेतलेली काळी माणसं, रांगेने. मीराने विचारलं, ही कोण?
"हमाल. पुष्कळ मेले. उपासमार, आजार."
"त्यांचं कुणाशी भांडण होतं, ओपा?" मीराने तिच्या आजोबांना विचारलं.
त्यांनी फोटो परत घेतला. शाळेत न्यायचा नाही म्हणाले.

२२ फेब्रु.
काट्रिन म्हणते, पपांना लाज वाटते. म्हटलं, मलाही. "तुला कसली?" म्हटलं, मोठे आबाही त्या हमालांच्या किनाऱ्यावर बंदूक घेऊनच उतरले ना. पण हुकूम दुसऱ्याचा. मग लाज की राग? आल्झो, म्हणजे, कळत नाही.

२७ फेब्रु., रवि.
वेर्नर आपणहून आले. फोटो पाकिटात. मीराला म्हणाले, "ने. पण दोघांची नावं शेजारी शेजारी लिही."
आईला फोन लावला.
"नाव? आम्ही मोठे आबाच म्हणायचो. आईच्या वडलांचं... थांब हं." जुने कागद चाळल्याचा आवाज. "नाही रे आठवत."
मीराने वेर्नरच्या आजोबांचं नाव लिहिलं, शेजारी नुसती रेघ ओढली. मग भिंग घेऊन फोटोतले हमाल मोजले. खाली तितक्याच रेघा. वेर्नर बघत होते.
उद्या रेफेराट. काय बोलणार, विचारलं. "वाइस निश्ट, बाबा." माहीत नाही म्हणते, पण रेघांचा कागद फोटोबरोबर पाकिटात घातला.