जपानी शेवया

बाबा, परवा पुण्यात मी जपानी शेवया खाल्ल्या. हसू नका. तुमची नात तिथे नोकरीला आहे, तिनं नेलं. मी नको नको म्हणत होते. मलकापूरहून गाडीत बसून बसून पाय सुजलेले, गुडघे कुरकुरतात, शाळेची माहिती रविवारीसुद्धा मोबाईलवर भरावी लागते, आणि खरं सांगू का, आता नवीन काही चाखायची हौसच उरलेली नाही. पण पोरीचं मन मोडवेना. त्या शेवयांना उदोन म्हणतात. आईच्या हातच्या शेवया सुतासारख्या बारीक असत, या करंगळीच्या निम्म्या जाडीच्या. पण गव्हाच्याच. काचेपलीकडे एक माणूस कणकेची जाड पोळी लाटून, तिच्या घड्या घालून, रुंद सुरीनं कापत होता. आईनं पाहिलं असतं तर त्याला शेवयांच्या पाटावरून उठवलं असतं.

मोठ्या वाडग्यात गरम पाणीदार रस्सा, त्यात त्या शेवया, वर कांद्याची पात. खायला दोन काड्या दिल्या. माझ्याच्यानं काही त्या धरवेनात, मी काटा मागून घेतला. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जपानी गृहस्थ एकटेच जेवत होते. चांगला सदरा, चष्मा, पायाशी ऑफिसची बॅग. त्यांनी वाडग्यावर मान वाकवली आणि असा भुरका मारला बाबा, की माझा काटा हातातच राहिला. मग दुसरा. मग तिसरा. कोणी वळून पाहिलं नाही. मी पोरीकडे पाहिलं, तर ती म्हणते, "आई, त्यांच्याकडे असंच खातात. आवाज केलेला चालतो. हवा आत ओढली की तोंड भाजत नाही, आणि पटपट खाऊन होतं."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तुमच्याच तोंडून. मी आठ-नऊ वर्षांची आहे, हातात पितळी डबा, फडक्यात गुंडाळलेला तरी चटके देतोय. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकातून आत जायचं, रुईच्या गठाणींच्या बाजूनं, आणि शेडच्या सावलीत तुम्ही सगळे ओळीनं बसलेले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, सगळ्यांच्या अंगावर कापूस. अर्ध्या तासाची सुट्टी, त्यातली दहा मिनिटं हातपाय धुण्यात जायची. वरण तर चुलीवरून उतरवलेलं, उकळतं. ते थंड व्हायची वाट कोण पाहणार? मग ती सगळी ओळ भुरके मारायची. मला ते फार आवडायचं. मीही तुमच्या ताटलीतून प्यायला गेले आणि जीभ भाजली, तेव्हा तुम्ही माझी हनुवटी धरून शिकवलंत: "हवा वढ आत वरणासंगं, मंग तोंड नाही भाजत. वढ जोरात. भोंगा होईन आता." मी ओढलं. ते सगळे हसले. तुम्ही म्हणालात, पोरगी जिनात कामाला लागली. मी घरी जाईपर्यंत भुरके मारत गेले.

मग मी शिकले. तुम्हीच शिकवलंत. डी.एड. केलं, संग्रामपूर तालुक्यात शाळा मिळाली, लग्न झालं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रीतीप्रमाणे तुम्ही व्याह्यांना रस खायला बोलावलंत. आठ दिवस आधी आईनं पाटावर शेवया केल्या, तुम्ही अंगणात खाटेवर वाळवल्या, चिमण्या हाकलत बसलात. आंबे तुम्ही स्वतः गवतात माच घालून पिकवलेत. पंगत बसली. माझे सासरे बुलढाण्याचे, कचेरीतून निवृत्त झालेले, बोटांच्या टोकांनी जेवणारे. त्यांच्या मांडीला मांडी लावून तुम्ही. आईनं उकडलेल्या शेवयांवर वाफ निघत असतानाच रस वाढला आणि तुम्ही पहिला घास उचललात. तो आवाज अख्ख्या घरात गेला. मी तुपाची वाटी घेऊन वाढत होते. काय संचारलं होतं मला कोण जाणे. सासूबाईंनी नुसतं वर पाहिलं होतं. मी तुमच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाबा, माणसासारखं जेवा ना जरा." तेही असं शुद्ध, शाळेतल्या बाईसारखं. मला वाटलं हळू बोलले. पण सासऱ्यांचा हात ताटावरच थांबला.

 तुम्ही एक शिवी हासडली असतीत तर बरं झालं असतं. आख्खं ताट तसंच ठेवून तुम्ही पाणी प्यालात, बिनआवाजाचं, आणि व्याह्यांना म्हणालात, "तुम्ही होऊ द्या सावकाश. माहं पोट भरलं."

त्यानंतर अकरा वर्षं जगलात तुम्ही. अकरा वर्षांत माझ्यासमोर एकदाही धड जेवला नाहीत. माझ्याकडे यायचात तर म्हणायचात, गाडीतच खाऊन आलो बाई. फारच आग्रह केला तर सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. वरण थंड होईस्तोवर थांबायचात. बोटानं चाचपून पाहायचात आणि मग जेवायचात, काही ऐकू यायचं नाही. मी मागे उभी राहून तुमची पाठ बघायची. म्हणायचं असायचं, बाबा, चुकलं माझं. रोज साठ पोरांना चुकलं तर चुकलं म्हणा असं शिकवणारी बाई मी, माझ्याच तोंडून ते निघालं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, आणि एक दिवस तुम्हीच गेलात.

तर त्या जपानी हॉटेलात मी काटा खाली ठेवला आणि पोरीनं भलतंच विचारलं. म्हणाली, "आई, आजोबा भिंतीकडे तोंड करून का जेवायचे गं? मी जवळ जाऊन बसले की ताट सरकवायचे. मला लहानपणी वाटायचं, मी त्यांना आवडत नाही." वीस-बावीस वर्षं हे पोटात धरून बसली होती ती. तुमच्या खांद्यावर बसून तिनं आख्खा बाजार पाहिलेला आहे, पण तिच्या लक्षात राहिली ती पाठ. मी माझ्या वाडग्यात पाहत होते. शेवया पाणी पिऊन फुगल्या होत्या. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं, तिनं आयतं दार उघडून दिलं होतं. मी म्हणाले, "अगं, त्यांना दात नव्हते ना. लाजायचे."

ती लगेच मोकळी झाली. बिचारे आजोबा, म्हणाली, आणि स्वतःच्या शेवयांचा एक मोठा भुरका मारला, शेजारच्या गृहस्थांसारखा. मला म्हणाली, तू पण मार ना, इथे कोण ओळखतं आपल्याला. मी तोंड वाडग्याजवळ नेलं. हवा ओढायला गेले तर ठसकाच लागला. मिरची लागली म्हणाले. त्या रस्स्यात मिरची नव्हती.

काल घरी आले. आज शाळेतून येऊन हे लिहीत बसले, म्हटलं लिहून झालं की हेच तिला फोनवर वाचून दाखवावं, तुम्हाला तर काही पोचायचं नाही. मघाशी फोन लावलासुद्धा. जेवलीस का विचारलं, तिनं हो म्हटलं, मी ठेवून दिला. इतका थकवा कसला येतो कोण जाणे.

बाबा, शेवटच्या आजारपणातसुद्धा तुम्ही उसाचं कांडं दातांनी सोलून तिला दिलं होतं. बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते तुमचे.