खलातली मात्रा

९ जानेवारी

कॅप्सूलमध्ये हाड असतं! गिरधरने जेवता जेवता मोबाईलवर वाचून दाखवलं. कवच जिलेटीनचं, आणि जिलेटीन हाडापासून करतात. हसत होता. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ. पंधरवडाभर वाट पाहून आजच इंदूरहून डबी आलेली — इथल्या दुकानांत हे औषध मिळतच नाही — आणि पहिल्याच घासाला हाड.

सदतिसाव्या वर्षी कळलं की माझा विसरभोळेपणा, उतावळेपणा, अर्धवट टाकलेली कामं, या सगळ्याला मिळून एक नाव आहे. एडीएचडी. इंदूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लहान डोसपासून सुरू करू, मग तुमचा नेमका डोस शोधू. बाकी भेटी व्हिडिओवर. गिरधर म्हणाला, नाव मोठं आहे, बिल भी मोठं येईल. नवराच तो, बोलणारच.

सासूबाईंनी मात्र एकही प्रश्न विचारला नाही. औषध आणलंय ना, मग घ्यायचं. कवचावर तोडगाही त्यांनीच काढला — कवच टाकून द्यायचं, आतले दाणे घ्यायचे.

१० जानेवारी

दहा मिलिग्रॅमची कॅप्सूल सुरू.

सासूबाईंनी कवच उघडलं. आत राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे. ते दगडी खलात घातले, घोट घोट घोटले, पार पिठी केली आणि मधातून चाटण दिलं. या घरात प्रत्येक औषध असंच दिलं जातं. काढ्याची मुळी असो की दवाखान्याची गोळी, खललं की अंगी लागतं म्हणतात. बत्ता फिरवताना त्या भिंतीकडे बघत असतात, हात आपला फिरत राहतो.

दगाभाऊजींच्या गोळ्याही याच खलात. धाकटा दीर, मी त्याला पाहिलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा फक्त फोटो होता. मिरगी होती त्याला. गोळी गिळता येत नसे, म्हणून खलून. सोळाव्या वर्षी तापीवर अंघोळीला गेला आणि पाण्यातच झटका आला. सासूबाई त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलतात — "त्याले औषध लागूच पडलं नही."

मला लागू पडावं म्हणून किती जोर लावून घोटत होत्या आज.

११ जानेवारी

सकाळी मी कोण होते! माझ्या कामावर, पॅकहाऊसला, केळीच्या फण्या टाकीतून धुऊन येत होत्या आणि मी एका दमात सगळ्या खोक्यांची लेबलं तपासली. मध्ये उठले नाही, कुणाशी गप्पा नाहीत. छातीत मात्र ढोल वाजत होता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं उतरलं. दुपारी पुन्हा मी जुनीच प्रतिभा. चष्मा डोक्यावर आणि शोध टेबलाखाली.

२५ जानेवारी

व्हिडिओवर डॉक्टर मॅडम. त्यांना नवल वाटलं. हे औषध हळूहळू सुटतं, संध्याकाळपर्यंत टिकायला हवं, म्हणाल्या. तुमचं शरीर लवकर पचवत असेल. वीस करू.

२८ जानेवारी

वीस, म्हणजे दहाच्या दोन. सकाळभर हात थरथरत होते. पोळी बघवत नव्हती. दुपारी सगळं एकदम ओसरलं आणि रडू आलं, उगाच. खोक्यांच्या थप्पीमागे उभी राहून रडले.

तेवढ्याने भागलं नाही. व्यापारी माल बघायला आला होता, त्याच्यासमोरच बोलून बसले की मागच्या कंटेनरमध्ये पिकलेला माल गेला होता. खरं होतं ते! पण मालकासमोर, गिऱ्हाईकासमोर! संध्याकाळी मालकांनी, अनंतभाऊंनी, बोलावून सांगितलं, ताई, मार्चपर्यंत बघतो, नाहीतर कंटेनर दुसऱ्या कुणाकडे देतो.

घरी येऊन तेही सगळं सांगून टाकलं, आल्या आल्या, चपला काढायच्या आधी. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या तोंडात तीळ भिजत नही व माय." बरोबर आहे. मनात आलं की बाहेर. मला लपवायचं असतं तेव्हाही लपवता येत नाही. लग्नात कुणाला काय आहेर येणार ते मी आधीच सांगून टाकते, म्हणून नणंदा माझ्यासमोर कुजबुजतसुद्धा नाहीत.

८ फेब्रुवारी

मॅडम आज जरा काळजीत दिसल्या. नाडी जलद, भूक नाही, दुपारनंतर उपयोग नाही. हे औषध तुम्हाला मानवत नाही असं दिसतं, म्हणाल्या. पुन्हा दहावर आणू, महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर बंद करू.

बंद!

गिरधर म्हणाला, "छोड दे ना मग. इतके साल चाललंच ना." चाललं. त्याचं चाललं. गॅसवर दूध ठेवून मी गच्चीवर कपडे काढायला जाते आणि तिथे उभी राहून तिसराच विचार करते, तेव्हा उतू गेलेलं पुसते कोण? रोज स्वतःची माफी मागत जगणं कसं असतं ते त्याला कसं सांगू? मी ते सकाळचे दोन तास पाहिलेत. आता ते माझ्याकडून काढून घेऊ नका. इतकंच.

सासूबाई दाराशी ऐकत होत्या. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, उद्यापासून आणखी बारीक घोटते.

१९ फेब्रुवारी

सासूबाई चांदनीला, बहिणीच्या गावी, गेल्या आहेत. आज चाटण द्यायला कुणी नाही. बत्ता सापडेना — मीच कुठेतरी ठेवला असणार. उशीर होत होता. दाणे तसेच दह्यावर टाकले आणि गिळले.

छातीत ढोल नाही. सकाळ गेली, काही विशेष नाही. वाटलं, आज औषध वायाच गेलं. मग दुपार आली आणि मी कामातच होते! चार वाजले तरी कामात. पॅकहाऊसचा पंप बंद झाला की कळतं, इतका वेळ केवढा आवाज होता. तसं झालं. घरी आले, भाजी टाकली आणि भाजी होईपर्यंत तिच्याजवळच उभी राहिले. आनंद झाला. घरात कुणी नव्हतं, म्हणून जरा रडूनही घेतलं.

२० फेब्रुवारी

आजही! दह्यावर, न घोटता. आजही संध्याकाळपर्यंत.

२२ फेब्रुवारी

राहवेना, वेळ घेऊन मॅडमना फोन लावला. सासूबाई सकाळीच परतल्यात. अंगणात तुरी निवडत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून कणीक मळत होते.

सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दळून? रोज?

ते दाणे म्हणे मुद्दाम तसे केलेले असतात. एक दाणा आत्ता विरघळणार, दुसरा दुपारी. त्यांची पिठी केली की दिवसभराचं औषध एकदम अंगात. कवच काढलं तरी चालेल, दही चालेल, पण घोटायचं नाही, चावायचंही नाही. दहाच पुरेसं आहे तुम्हाला, म्हणाल्या. आणि हसल्या. मीही हसले, इतकी हसले की हातातली कणीक गळली.

आणि हसता हसता दगाभाऊजी आठवले.

विचारलं — मिरगीच्या गोळ्यांचंही असं असतं का? काहींचं असतं, काहींचं नाही. नाव सांगा. नाव कुणाला माहीत? पंचवीस वर्षं झाली. चिठ्ठी नाही, डबी नाही, तो डॉक्टरही आता नाही. मग सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं.

फोन ठेवला. बाहेर सुपाचा आवाज चालूच होता.

२३ फेब्रुवारी

सांगायचं नाही. ठरलं. ज्या बाईने पोराला हाताने घोटून घोटून औषध दिलं, तिला आता काय सांगू? आणि तेही नक्की माहीत नसताना?

सकाळी कॅल्शियमची गोळी पुढे केली, म्हटलं मॅडमनी बदलून दिली. त्यांनी खलली. मी चाटण घेतलं, आणि पॅकहाऊसला जाऊन दह्यावर कॅप्सूल. मला वाटलं होतं, उंबरा ओलांडायच्या आत माझ्या तोंडून बाहेर पडेल. नाही पडलं.

२ मार्च

आज पूर्ण कंटेनर माझ्या हाताखाली भरला. एक खोकं इकडचं तिकडे नाही. अनंतभाऊंनी चहा मागवला, म्हणजे झालं. त्यांचं कौतुक इतकंच असतं. मॅडमनीही सांगितलं, औषध चालू ठेवा.

गिरधर म्हणाला, आजकाल तू वाक्य पूरं करतेस. चिडवत होता, पण बघत राहिला होता माझ्याकडे. बरं वाटलं.

सासूबाई हल्ली कमी बोलतात. वय झालं. आज बत्ता फिरवता फिरवता मध्येच थांबल्या होत्या.

७ मार्च

सकाळी खल जागेवर नव्हता. सासूबाईंनी दह्याची वाटी पुढे ठेवली आणि शेजारी माझी खरी डबी, पर्समधून काढलेली. म्हणाल्या, घरीच घेत जा, आख्खे दाणे. तुरी निवडताना फोन ऐकू आला होता त्यांना. सगळा.

मग वाटीकडे बघत म्हणाल्या, "दगाच्या गोळ्याबी आख्ख्याच द्यायच्या होत्या का व?"

"नाही, आई. त्या वेगळ्या होत्या. मी मॅडमना नंतर विचारलं." लगेच म्हटलं. अडखळले नाही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुले औषध लागू पडलं माय," म्हणाल्या. "आधी तुले खोटं बोलता येत नव्हतं."