पाठीचं माप

४ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. शिलाई मशीनचा पट्टा तुटला आणि तुम्ही तो जुन्या चपलेच्या वादीने सांधला, हे वाचून एकटीच हसत बसले.

इथे सगळं ठीक. छापखान्यात सध्या शब्दकोशाची मुद्रितं तपासते आहे. डोळ्यांना ताण पडतो, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय. मी नोकरीला लागले त्या तारखेला तुम्ही दरवर्षी ड्रेस शिवता, त्याची मापं सोबत पाठवते. यंदा घाई करू नका.

दुरून का होईना, लक्ष असू द्या.

तुमची,
बटण

११ जून

चि. बटण हिस, अनेक आशीर्वाद.

मापं मिळाली. गेल्या वर्षी ड्रेसच्या पार्सलात मी मापांची जी चिठ्ठी घातली होती, तिचीच ही नक्कल आहे. त्या चिठ्ठीत मी कंबर दोन इंच कमी लिहिली होती. शिवताना सुधारली, चिठ्ठीत राहिली. तू माझी चूकही जशीच्या तशी उतरवलीस. दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच ना तुझं काम?

शिवाय पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही. टेप कोणी धरली ते लिही.

तुझ्या ओळी प्रत्येक पानावर उजवीकडे खाली उतरतात. तू पदवीचा इंग्रजी कागद घरी आणलास तेव्हा मला तो वाचता आला नव्हता, पण शिवण कुठे सुटली ते मला दिसतं. आई असती तर आधीच निघाली असती. मी विचारतोय, तर खरं लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
बाबा

१७ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

खरं लिहिते. फेब्रुवारीपासून उजवा डोळा पुढे येऊ लागला, एका ओळीच्या दोन दिसू लागल्या. स्कॅनमध्ये डोळ्यामागे सूज निघाली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तीही फुगलेली. दिसायला ट्यूमर, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, ट्यूमर असेलच असं नाही. कधी कधी शरीर स्वतःवरच उलटतं आणि अशी सूज येते. ती गोळ्यांनी उतरते, पण गोळ्या आधीच दिल्या तर मूळ दुखणं काय होतं हे नीट कळत नाही. म्हणून डोळ्यामागचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही.

त्या दिवशी फॉर्मवर सोबतच्या व्यक्तीचा रकाना होता. मी घरमालकीणबाईंचं नाव लिहिलं. त्यांना अजून माहीत नाही.

आता त्याच गोळ्या, म्हणजे स्टेरॉइड, चालू आहेत. डोळा मागे गेलाय, पण ग्रंथीची सूज नजरेच्या नसेला टेकली आहे. सव्वीस तारखेला पुन्हा स्कॅन. सूज उतरली असेल तर गोळ्या हळूहळू कमी करतील. नसेल तर नाकावाटे ऑपरेशन, नाहीतर आणखी कडक औषध, आणि त्यातलं काय ते मी विचार करून सांगायचं आहे. नजर गेली तर छापखान्यात माझं काय काम उरेल?

घरात शिकलेली मी एकटी. वाटलं, आपणच वाचावं, आपणच ठरवावं. सगळं वाचलं. ठरवता मात्र येत नाही.

गोळ्यांनी तोंड ताटासारखं गोल झालंय, अंगही सुजलंय, म्हणून मापं लपवली. खरी मापं सोबत आहेत. पाठीची जागा रिकामी आहे. इथे टेप धरायला कोणी नाही.

रागावलात तरी पत्र पाठवत राहा.

बटण

२१ जून

चि. बटण हिस, अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. दोन दिवस दुकान उघडलं नाही. मग तुझ्या पत्रातलं दुखणं शेजारच्या कंपाउंडरकडून तीनदा समजावून घेतलं. तो म्हणाला, या गोळ्या एकदम बंद करणं वाईट. आपल्याला बरं वाटतंय म्हणून शहाणपणा करू नकोस.

तुला काय ठरवायचं ते मला कळणार नाही. डॉक्टरबाईंना मी एवढंच विचारीन, की त्यांची मुलगी असती तर त्यांनी काय केलं असतं. उत्तर तू ऐक, मी शेजारी बसतो.

ड्रेस पार्सलाने पाठवत नाही. नव्या मापाने कापलाय आणि नुसती कच्ची टीप घातली आहे. सूज उतरेल तसा आत घेता येईल.

पंचवीसला सकाळी पोचतो. फॉर्मवर घरमालकीणबाईंचं नाव असेल तर खोडून ठेव. टेप खिशात आहे. पाठीचं माप आल्यावर घेतो.

तुझा,
बाबा